कण्यातील गाठ

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे कापडाच्या मागांवर पोट भरतात. तेथे पाठ दुखणे हा आजार मानला जात नाही. उभ्याने राबणाऱ्याची पाठ दुखायचीच, असे म्हणून तेल चोळले जाते, शेक दिला जातो, आणि बहुतेकांचे तेवढ्याने भागतेही. क्वचित एखाद्याची वेदना मात्र निराळी असते. ती रात्री आडवे झाल्यावर वाढते, बरगड्यांभोवती पट्ट्यासारखी फिरते, आणि काही महिन्यांनी पायातील चप्पल नकळत निसटू लागते.

अशा दुखण्याच्या मुळाशी कधी कधी मज्जारज्जूलगत वाढणारी एक साधी गाठ असते. ती कर्करोगाची नव्हे. शरीरात पसरत नाही. परंतु कण्याची नळी हाडाची आणि अरुंद. बदामाएवढ्या गाठीलाही तेथे जागा नसते. मग ती रज्जूलाच दाबते आणि धडधाकट माणूस लुळा पडतो.

1887 साली लंडनमध्ये एका बेचाळीस वर्षांच्या लष्करी कॅप्टनची हीच गत झाली होती. तीन वर्षे त्याची पाठ दुखत होती आणि वैद्य तिला मज्जातंतूंची कळ म्हणत होते. अखेरीस दोन्ही पाय गेले. त्याला विल्यम गॉवर्स यांनी तपासले. त्या वेळी क्ष-किरणांचा शोधसुद्धा लागला नव्हता. तो लागला 1895 मध्ये. गॉवर्स यांच्यापाशी होती ती रोग्याची हकीकत आणि त्वचेचा बधिरपणा नेमका कोठे सुरू होतो याची परीक्षा! तेवढ्यावरून त्यांनी गाठीचे निदान केले. 9 जून रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी कणा उघडला, तर गाठ दिसेना. येथेच हात आखडला असता, तर कॅप्टन संपला होता. हॉर्स्ली आणखी वर गेले, आणि तेथे ती सापडली. शेजारच्या मज्जातंतूंची क्षेत्रे एकमेकांवर चढलेली असल्याने गाठ बधिरतेच्या रेषेहून वरच असते, हे त्या दिवशी शस्त्राने शिकविले. वर्षभरात तो कॅप्टन दिवसाचे सोळा तास काम करू लागला. त्यात उभे राहणे आणि चालणेही पुष्कळ होते.

जागा हुडकण्याचे हे कोडे पुढे सोपे होत गेले. 1921 मध्ये फ्रान्सच्या सिकार आणि फॉरेस्टिए यांनी आयोडीनयुक्त तेल कण्यात सोडून क्ष-किरणांत अडथळा दाखविला. ते तेल शरीरात रेंगाळून त्रास देई, ही गोष्ट निराळी. चुंबकीय प्रतिमेच्या यंत्राने सुईचीही गरज बहुधा उरली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तर आता गाठ तंतूंपासून हलकेच सुटी करता येते.

आपल्याकडे वेल्लोरला जेकब चँडी यांनी 1949 मध्ये मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. पाठोपाठ मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी हे काम हाती घेतले. गायक कृष्णराव गिंडे यांचे हे बंधू. एका घरात सूर आणि शस्त्र दोन्ही नांदले. सुरतेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते 1964 मध्ये. तोपर्यंत 1864 साली सुरू झालेली मुंबईची आगगाडी हाच येथील रोग्याचा आधार होता.

गाठ आज पुष्कळदा समूळ निघते. मात्र रज्जू किती काळ दबून राहिला, यावर पाय किती परत येतील हे अवलंबून असते. म्हणून जाणता डॉक्टर फोटो हातात घेण्याआधीच विचारतो: चप्पल केव्हापासून निसटते?