छत्रीला भोक कशासाठी?

पनवेलच्या एका शाळेत मुलांनी पुठ्ठ्याच्या नळीचे रॉकेट केले होते. ते सुखरूप खाली यावे म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतून हवाई छत्री कापली. आधी तिला खडूचा डबा बांधून दुसऱ्या मजल्यावरून सोडले. छत्री उघडली, पण डबा लंबकासारखा झोके घेत भिंतीवर आदळला. मुले खट्टू झाली.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसवर आंद्रे-झाक गार्नरँ यांनी असेच झोके खाल्ले होते. बलूनपासून सुटून सुमारे हजार मीटर उंचीवरून ते रेशमी छत्रीने उतरले. जीव वाचला, पण झोक्यांनी पार हैराण झाले. छत्रीत कोंडलेली हवा कधी या कडेने, कधी त्या कडेने निसटते. माथ्याला भोक ठेवा, असे खगोलशास्त्रज्ञ लालांद यांनी सुचवले म्हणतात. त्यातून हवेला सरळ वाट मिळते.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट कॉकिंग यांनी दुसरा उपाय योजला: उलट्या शंकूची छत्री. २४ जुलै १८३७ रोजी लंडनला ती हवेतच मोडली आणि एकसष्ट वर्षांचे कॉकिंग मरण पावले. दोष आकाराचा नव्हता. उलटा शंकू कमी डोलतो हे पुढे अमेरिकेत जॉन वाइज यांनी प्रयोगांनी दाखवले. कॉकिंग यांच्या छत्रीची बांधणी दुबळी होती, आणि तिचे स्वतःचे शंभर किलोंहून अधिक वजन त्यांनी हिशेबातच धरले नव्हते!

आमच्या मुलांनीही डबा तोलला होता. पिशवी आणि दोरे नाहीत.

मग फळ्यावर हिशेब मांडला. वजन आणि हवेचा रोध समान झाले की वेग वाढायचा थांबतो. छत्रीसह रॉकेट १०० ग्रॅम, छत्रीचा व्यास ४५ सेंमी, रोधगुणांक ०.७५ धरला, तर हा वेग सेकंदाला सुमारे ३.७ मीटर येतो. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, वेग निम्मा. "मग मोठीच करू," एक मुलगी म्हणाली. पण १०० मीटरवरून उतरायला २७ऐवजी ५४ सेकंद लागणार. वारा सेकंदाला ४ मीटर असेल, तर रॉकेट १०८ऐवजी २१६ मीटर वाहून जाणार. एवढे मैदान पनवेलात कोणत्या शाळेला आहे?

व्यास ४५ सेंमीच ठेवला. माथ्याला दोन बोटे रुंद भोक पाडले. या खेपेस डबा थोडासाच डोलत अंगणात उतरला.