उसना शब्द आणि घरचा शब्द

चेन्नईतील अण्णा नगर ही वसाहत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या सी. एन. अण्णादुराई यांच्या कारकिर्दीत, १९६९ साली, मद्रास राज्य ‘तमिळनाडू’ झाले. त्यामागे अर्धशतकाची शब्दचळवळ होती. १९१६ मध्ये शुद्ध तमिळचा पुरस्कार आरंभणाऱ्या स्वामी वेदाचलम् यांनी आपले नावही पालटले: ‘वेदा’चे ‘मरै’, ‘अचला’चे ‘मलै’, ‘स्वामी’चे ‘अडिगळ’, ते मरैमलै अडिगळ झाले. पुढे ‘नमस्कारम्’च्या जागी ‘वणक्कम्’ रुळले. तमिळच्या शुद्धिवाद्यांना संस्कृत हीच परकी वाटत होती.

मराठीत नेमके याच्या उलट घडले. दरबारी मराठीवर फार्सीचा पगडा बसला, तेव्हा तिची सुटका करण्यासाठी संस्कृतला पाचारण करण्यात आले. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी पेशवा हा पंतप्रधान, मुजुमदार हा अमात्य, डबीर हा सुमंत, सरनौबत हा सेनापती झाला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावाशी निगडित असलेला ‘राजव्यवहारकोश’ याच प्रयत्नाचे फलित होय. तो कोश रचला गेला संस्कृत श्लोकांत! कारकुनाला अवघड वाटणारा एक शब्द काढून त्याहून अवघड असा दुसरा त्याच्या हाती देण्याचा हा प्रकार होता, असे म्हणणे कठोर असले तरी अन्यायाचे नाही. राज्याला स्वतःची प्रतिष्ठा हवी होती आणि त्या काळी ती संस्कृतच देऊ शकत होती, हेही तितकेच खरे. व्यवहाराने मात्र आपला कौल वेगळा दिला: ‘पेशवा’ परत आला आणि एका कालखंडाला ‘पेशवाई’ हे नाव देऊन गेला.

विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने हाच मार्ग पत्करला. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘चित्रपट’ हे शब्द टिकले, कारण ते सुटसुटीत होते आणि वृत्तपत्रांनी ते रोज छापले. फार्सी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियनही अखेरीस शुद्धीच्या बाजूला गेले, हे वळण लक्षणीय आहे. १९६२ च्या शासकीय ‘पदनाम कोशा’ला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवले. तरी त्या परिभाषेतला ‘जिल्हाधिकारी’ रुळला आणि त्याच्याच हाताखाली ‘तहसीलदार’ही कायम राहिला.

या साऱ्या खटाटोपात शेतकऱ्याच्या, कारागिराच्या बोलीला शब्द मागायला फारसे कोणी गेले नाही. ती बोली ‘जमीन’, ‘कागद’, ‘वकील’, ‘फिर्याद’ हे शब्द केव्हाच आपलेसे करून बसली होती. कचेरीतला ‘अर्ज’ अजून ‘अर्ज’च आहे.