साष्टीतील ‘पोर’ आणि ‘पारा’

परकी भाषा शिकणाऱ्याची खरी परीक्षा नामांत नसते. एका नामाचा दुसऱ्याशी संबंध जोडणाऱ्या चिमुकल्या शब्दांत ती असते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याने ही परीक्षा दोन शतके पाहिली आहे.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांस दिली, आणि १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी ती जिंकून घेईपर्यंत येथे त्यांचा अंमल राहिला. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यांशी फ्रान्सिस्कनांनी आपले ठाणे केले. अंधेरीच्या पूर्वेस कोंदिवटे येथे जेझुइटांनी १५७९ मध्ये चर्च उभारले. या पाद्र्यांना धर्म सांगावयाचा तो लोकांच्या बोलीत. त्या खटपटीतून व्याकरणे निर्माण झाली. थॉमस स्टीफन्सचे व्याकरण १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले. ते गोव्याच्या साष्टीत, उत्तरेच्या नव्हे. नावाचे हे साम्य अभ्यासकास नेहमी चकविते. आपल्या साष्टीकडील बोलीचे व्याकरण सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने रचले. ते मात्र १८५८ पर्यंत हस्तलिखितातच पडून होते. त्या वर्षी कुन्य रिव्हार यांनी ते गोव्यात छापविले.

या पाद्र्यांच्या भाषेत, आणि तिची सख्खी बहीण जी स्पॅनिश तिच्यातही, ‘पोर’ व ‘पारा’ अशी एक जोडी आहे. (मराठी कानाला एक मूल वाटेल, दुसरा पारद!) इंग्रजीच्या द्वारे स्पॅनिश शिकणारा दोहोंसाठी एकच ‘फॉर’ पाठ करतो आणि तेथेच फसतो. ‘पारा’ हा मूळचा दोन शब्दांचा जोड आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगीजांत तो ‘पेरा’ असा लिहीत, आणि त्यातील ‘आ’ दिशा दाखवितो. म्हणून ‘पारा’ची दृष्टी पुढे, हेतूकडे असते, ‘पोर’ची मागे, कारणाकडे. ‘त्राबाहो पारा मि एर्मानो’ म्हणजे मी भावाकडे नोकरीस आहे. ‘पारा’च्या जागी ‘पोर’ घातला की मी भावाच्या बदली किंवा त्याच्याखातर राबतो. एका शब्दाने मालकाचा आश्रित होतो!

धर्माच्या कामी तर ही निवड अधिकच नाजूक होती. श्रद्धेच्या प्रसिद्ध प्रकटीकरणात, ख्रिस्त मनुष्यांखातर व त्यांच्या तारणासाठी उतरला, या ठिकाणी लॅटिनने दोन्हीकडे ‘प्रॉप्टर’ हाच शब्द योजिला आहे. स्पॅनिश पाठात दोन्हीकडे ‘पोर’ येतो; पोर्तुगीज पाठात मनुष्यांना ‘पोर’ आणि तारणाला ‘पारा’ लागतो. दोन बहिणींचे जेथे एकमत नाही, तेथे कोंदिवट्याच्या पाद्र्यास ‘मुळे’, ‘साठी’, ‘खातर’, ‘करिता’ यांतून निवड करावयाची होती, आणि ‘मुळे’ म्हणताच माणूस उतरण्याचे निमित्त ठरतो, लाभार्थी राहत नाही.

उलट मराठी माणसास स्पॅनिशमधील एक कोडे आयतेच सुटलेले सापडते. स्पॅनिशमध्ये घर पाहिले तर नुसते घर. माणूस पाहिला तर त्यापूर्वी ‘आ’ हवा. इंग्रजास हे विचित्र वाटते, परंतु ‘घर पाहिले’ आणि ‘रामाला पाहिले’ हा भेद येथील मुलेही चुकत नाहीत. मात्र ‘मुंबईला जातो’ व ‘मुंबईला राहतो’ यांतील एकच ‘ला’ तेथे चालत नाही. जाण्यास ‘आ’, राहण्यास ‘एन’. आणि ‘एन’ मेजाच्या आतही असतो, मेजावरही.

‘मेज’ हा शब्दही पोर्तुगीजच. पाव, चावी, साबण, पगार, लिलाव असे कितीतरी शब्द मराठीने घेतले. दाल्गादु यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील अशा शब्दांचा मोठा कोशच प्रसिद्ध केला. परंतु त्यांतील नामे येथे जशी रुळली, तसा ‘पोर’ही रुळला नाही आणि ‘पारा’ही नाही. मराठीने आपले ‘साठी’ व ‘मुळे’ सोडले नाहीत.

जेथे पोर्तुगीजच घरची भाषा झाली, तेथे ओघ उलटा वाहिला. रेवदंड्याजवळ कोर्लई येथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून निपजलेली बोली अद्याप चालते. तीत क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी सरकले, आणि ‘पारा’ झिजून जे ‘प’ उरले, त्याने ‘ला’चे काम पत्करले: ज्याला दिले त्यालाही तेच, ज्या माणसाला पाहिले त्यालाही तेच.