दफ्तर नसलेल्या संघटनेचा अध्यक्ष

ठाण्यात १८४८ साली एका गरीब फुलमाळी कुटुंबात नारायण मेघाजी लोखंडे जन्मले. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणी कामगारांचे हाल त्यांना जवळून दिसले ते इथे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत ते वाढले होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र १८८० मध्ये त्यांनी मुंबईत आणलं आणि कामगारांची गाऱ्हाणी छापायला लागले.

१८८१ चा कारखाने कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना काहीच मर्यादा नव्हती. दिवस उजाडला की यंत्रं सुरू आणि मावळला की बंद. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही, आणि पगार कधी हाती पडेल तेही मालकाच्या मर्जीवर.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सरकारने नेमलेल्या आयोगापुढे मागण्यांचा अर्ज ठेवला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झाला तर निर्वाहवेतन. यातली एकही मागणी मोघम नाही. पंधरा तारीख उलटली आणि पगार मिळाला नाही, तर ते अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळतं. लोखंड्यांच्या नेतृत्वाचं खरं मर्म इथे आहे. त्यांनी चीड शब्दांत बांधली, आणि ज्यांची ती चीड होती त्यांना ती आपली म्हणून ओळखता आली.

अर्ज दिला म्हणून लगेच काही हाती लागलं नाही. सरकार हललं नाही, मालक तर नाहीच. पुढची सहा वर्षं ते सभा आणि अर्ज यांच्या मागे लागून राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी बायका भर सभेत बोलायला उभ्या राहणं केवढी गोष्ट होती! १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाने आयोगावर मुंबईच्या कामगारांच्या बाजूने लोखंडे बसले, आणि १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली.

आणि ही सारी उलाढाल करणाऱ्या लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या संघटनेकडे होतं काय? १८९२ च्या एका सरकारी अहवालाने निर्वाळा दिला की तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे येईल त्या कामगाराला सल्ला देणारे स्वयंसेवक आहेत, इतकंच. इतिहासकार हे वाक्य तिला कामगार संघटना न मानण्यासाठी वापरत आले. संघटनेच्या बांधणीपुरतं ते खरंच आहे. पण सभासद-वर्गणी भरायला ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याला विनामूल्य सल्ला देणारा माणूस हवा होता, आणि तो होता.

हा माणूस गिरणीपुरताही राहिला नाही. विधवांचं केशवपन करायचं नाही, असा मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० मध्ये जो बहिष्कार टाकला, त्यामागे लोखंडेच होते. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले. मग प्लेग आला. भीतीने शहर ओस पडत असताना ते रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले.

असोसिएशन त्यांच्यामागे टिकली नाही. तिचा सगळा भार एकाच खांद्यावर होता, आणि जबाबदारी पेलणारी दुसरी फळी तयार झालेली नव्हती. लोखंड्यांच्या कामातली ही उणीव मोठी होती आणि तिची किंमत कामगारांनी मोजली. सीताराम केशव बोले यांच्यासारख्यांनी ‘कामगार हितवर्धक सभा’ उभी करेपर्यंत बारा-तेरा वर्षं गेली.