व्हिडिओ स्विचर व बाह्य उपकरणांचे नियंत्रण

अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र आणून त्यांपैकी हवे ते प्रेक्षकांपुढे ठेवणाऱ्या यंत्रास व्हिडिओ स्विचर म्हणतात. थेट प्रक्षेपणाच्या कामात साहाय्य करणाऱ्या भाविकांस त्याची ओळख असेलच. मात्र रेकॉर्डर चालू करणे, दूरचा कॅमेरा वळविणे, कॅमेऱ्यावरील दिवा लावणे ही कामेही स्विचरकडून करवून घेता येतात.

येथे प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. चित्र आणणारा मार्ग निराळा व आज्ञा नेणारा मार्ग बहुधा निराळा. पडद्यावर चित्र दिसले म्हणजे उपकरण ताब्यात आले, ही समजूत ऐन कार्यक्रमात घात करते.

ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या एटेम स्विचरचे उदाहरण घेऊ. या मालिकेतील एटेम मिनी हा चार एचडीएमआय इनपुटांचा छोटा स्विचर २०१९ साली आला. त्याच कंपनीचा हायपरडेक रेकॉर्डर जोडावयाचा असल्यास त्याच्या आउटपुटातून एक केबल स्विचरच्या इनपुटात घालावी. हा चित्राचा मार्ग झाला. नंतर दोन्ही यंत्रे इथरनेट केबलने एकाच नेटवर्कवर आणावीत. हायपरडेकवर रिमोट नियंत्रण चालू केलेले असावे, अन्यथा तो स्विचरची आज्ञा पाळीत नाही. मग संगणकावरील एटेम सॉफ्टवेअर कंट्रोलच्या सेटिंगमध्ये हायपरडेकचा आयपी पत्ता व त्याचे इनपुट नोंदवावे. इनपुटाचा क्रमांक चुकल्यास आज्ञा एकीकडे जाते आणि चित्र भलतेच येते.

पत्त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. राउटरने आपोआप वाटलेले पत्ते पुढे बदलू शकतात. काल जुळलेली जोडणी आज तुटते आणि दोष मात्र बिचाऱ्या केबलला दिला जातो. म्हणून प्रत्येक उपकरणास स्थिर पत्ता द्यावा. स्विचरचा पत्ता १९२.१६८.१०.२४० व सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असल्यास रेकॉर्डरला १९२.१६८.१०.५० असा द्यावा. पहिले तीन गट तेच, शेवटचा निराळा. एकच पत्ता दोन यंत्रांस कदापि देऊ नये. पत्त्याची चिठ्ठी यंत्रावरच चिकटवावी, हे उत्तम.

ऑटो रोल ही सोय निवडल्यास हायपरडेकचे चित्र प्रोग्रामवर घेताच ध्वनिचित्रफीत आपोआप सुरू होते. रेकॉर्डरला तयारीस अवधी मिळावा म्हणून बदल काही फ्रेम उशिरा होतो. नवखा मनुष्य तेवढ्यात गोंधळून दुसरे बटण दाबतो. तसे करू नये.

वळणाऱ्या, म्हणजे पीटीझेड, कॅमेऱ्यांसाठी सोनी कंपनीची व्हिस्का ही संकेतपद्धती रूढ आहे. मोठ्या एटेम स्विचरांपैकी काहींवर त्यासाठी आरएस-४२२ पोर्ट असतो. व्हिस्काच्या एका साखळीत सात कॅमेरे जोडता येतात, परंतु दोन्ही टोकांचा बॉड रेट, उदाहरणार्थ ९६००, एकच असावा लागतो. एटेम मिनीवर हा पोर्ट नाही. तेथे कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र जॉयस्टिक कंट्रोलर घेणे सोयीचे.

आपला कॅमेरा प्रक्षेपणावर आहे हे चालकास कळविणाऱ्या दिव्यास टॅली म्हणतात. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट सिनेमा कॅमेऱ्यांना एटेम मिनी हा संकेत एचडीएमआय केबलमधूनच देतो. इतर कॅमेऱ्यांच्या दिव्यांसाठी इथरनेटवर चालणारा आठ आउटपुटांचा टॅली इंटरफेस मिळतो.