वयपडताळणी, डिजिटल (यवतमाळ जिल्हा)

नाव, पत्ता किंवा पूर्ण जन्मतारीख न सांगता, अमुक वय पूर्ण झाले आहे एवढेच मोबाइलमधील दाखल्यावरून सिद्ध करण्याची पद्धत. दाखला देणारे कार्यालय त्यातला एकेक तपशील मोहोरबंद करून त्यावर डिजिटल सही करते. धारक हवा तेवढाच उघडतो आणि तपासणाऱ्याला सही खरी असल्याची खात्री पटते.

जिल्ह्यात ही गरज रोज दिसते ती एसटीत. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट, ७५ च्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. आर्णीच्या गाडीत आजोबा पिशवीतून आधार कार्ड काढतात. वाहकाला हवे असते जन्मवर्ष. समोर येतात नाव, पत्ता आणि बारा अंकी क्रमांकही. पहिले आठ अंक झाकलेले कार्ड मिळते, पण त्याने पत्ता झाकला जात नाही. नव्या आधार अ‍ॅपमध्ये निवडक माहिती दाखवण्याची सोय आहे.

कायदा : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची अट आहे; त्यासाठी आधी वय पडताळावे लागेल.

जन्मनोंद : दाखला कितीही गुप्तता राखो, त्यातली तारीख येते गावच्या दप्तरातून. जुन्या पिढीत अनेकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती अंदाजाने लिहिली. पुढे हीच तारीख आधारवर चढली. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे आधार देणाऱ्या प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावे २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी ऑनलाइन प्रणालीत आढळल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले. नोंदी कोणी, कशा केल्या याबद्दल आरोप झाले. त्यांचा निवाडा येथे करता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या मात्र ही बाब सर्वांत महत्त्वाची : मूळ नोंद खोटी असेल, तर तिच्यावरची खरी सही त्या खोट्यालाच खरे ठरवते.

मोबाइल नसलेल्यांसाठी कागदी दाखल्याचा मार्ग खुला राहणे आवश्यक आहे.

जन्मनोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते; वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. घरात मूल जन्मले की ती मुदतीतच करून घ्यावी.