पत आणि पावती : पहिल्या क्रेडिट कार्डाचा पूर्वेतिहास

‘पत’ हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. माणसाची चारचौघांतील अब्रू ती पत. आणि पैसा हातीं नसतां केवळ शब्दावर जो माल अगर रक्कम मिळते, तिचें मूळहि पतच. हे दोन अर्थ आमच्या भाषेनें एकाच शब्दांत बांधून ठेवले, यांत मोठें शहाणपण आहे. कारण उसनवारीचा व्यवहार बिघडला म्हणजे केवळ पैसा जात नाहीं; त्याबरोबर माणसाची मानहि खालीं जाते.

आज सोलापुरांतील एखाद्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांतला मुलगा पदवी घेऊन पुण्यास वा हैदराबादेस नोकरीस लागला, कीं पहिल्या पगारापाठोपाठ बँकेचें क्रेडिट कार्ड त्याच्यापुढें येतें. घरांतील वडील मंडळी म्हणतात, ‘कर्ज म्हणजे विष, त्याला शिवूं नको.’ बरोबरीचे मित्र म्हणतात, ‘घे, फुकट आहे.’ आमच्या मतें हे दोन्ही उपदेश अपुरे आहेत. कर्ज कशानें बुडवितें आणि कशानें तारतें, याचा धडा आमच्या जिल्ह्याच्या इतिहासांतच लिहिलेला आहे. तो वाचून मग त्या कार्डाकडे पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललें. त्या काळांत तिकडचा कापूस विलायतेस पोंचेनासा झाला आणि दख्खनच्या कापसास सोन्याचे दिवस आले. भाव चढलेला पाहून सावकारानें हात सैल सोडला व शेतकऱ्यानेंहि तो निःशंकपणें धरला. युद्ध संपतांच भाव कोसळला. सरकारनें सारा मात्र वाढविला होता. कर्ज होतें तेथेंच राहिलें, आणि तें फेडण्याचें साधन तेवढें गेलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, व हां हां म्हणतां ती आग नगर जिल्ह्यांत पसरली. या दंग्यांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. तो त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे बाहेर काढून त्यांनीं ते जाळले.

रोख्यांवरच एवढा राग कां? आमच्या जुन्या धर्मशास्त्रांत ‘दामदुपट’ म्हणून एक नियम होता. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये, असा त्याचा आशय. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनींहि तो हिंदु ऋणकोपुरता मानिला होता. परंतु १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याचें आयुष्य तीन वर्षांवर आणलें. ऋणकोच्या सोयीसाठीं म्हणून केलेला हा कायदा त्याच्याच गळ्याशीं आला. तीन वर्षें भरत आलीं, कीं सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि तुंबलेलें व्याज त्यांत मुद्दल होऊन बसे. मुद्दलच फुगलें, म्हणजे दामदुपटीचा बांध आपोआप वर सरके. शेतकऱ्यास लिहितां-वाचतां येत नसे. अंगठा तो उठवी आणि आंकडा दुसराच कोणी लिही. भरलेल्या पैशाची पावती हातीं नाहीं, खात्याचा उतारा नाहीं. देणें किती उरलें हें सावकार सांगेल तें खरें. तेव्हां लोकांनीं रोखे जाळले ते केवळ कर्जाच्या द्वेषानें नव्हे. आपल्याला न कळणाऱ्या हिशेबाच्या द्वेषानें जाळले.

सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला, ते पुणें, सातारा, नगर आणि आमचें सोलापूर. रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार या कायद्यानें न्यायाधीशास दिला, आणि व्याजाचें मुद्दल करण्यास बंदी घातली. परंतु आम्हांस त्यांतील सर्वांत मोलाचीं वाटतात तीं तीन साधीं कलमें : भरलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती मागण्याचा हक्क, प्रतिवर्षीं खात्याचा उतारा मिळण्याचा हक्क, आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क. कायद्यानें सर्व कांहीं साधलें असें नाहीं. कित्येक सावकारांनीं गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखतच लिहून घेण्याची वाट काढली, आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्याला उताऱ्याचा उपयोग तो किती? तथापि हिशेब पाहणें हा ऋणकोचा हक्क आहे, हें तत्त्व या जिल्ह्याच्या मातींत तेव्हां रुजलें.

पुढें शेतांतील पुष्कळ माणसें गिरणींत आलीं. १८७७ सालीं सोलापुरांत जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागून इतर आल्या, आणि वाण्याकडील उधारीची वही प्रत्येक कामगाराच्या घरचें दुसरें पंचांग झाली. देशांतील बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार-कुटुंबें कर्जांत आहेत, असें व्हिटले कमिशननें १९३१ सालीं नमूद केलें. रुपयास महिना एक आणा हा व्याजाचा दर तेव्हां सर्रास चाले. म्हणजे वर्षास शेंकडा ७५. दरम्यान १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांचा मार्ग उघडला होता. एकमेकांची पत ओळखणाऱ्यांनीं एकत्र यावें, सर्वांच्या समक्ष कर्ज द्यावें आणि वेळेवर फेडून घ्यावें, ही त्यामागील कल्पना. पतपेढी या नांवांतच तिचें सारें सार आहे.

या पार्श्वभूमीवर क्रेडिट कार्ड पाहावें. १९५० सालीं न्यूयॉर्क येथें डायनर्स क्लबचें कार्ड निघालें, तें साध्या पुठ्ठ्याचें होतें, आणि त्यावरील सर्व देणें दरमहा पुरतें चुकवावें लागे. ही आमच्या वाण्याच्या वहीचीच सुधारलेली आवृत्ति होती. खरी क्रांति १९५८ सालीं झाली. बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरांत सुमारें ६० हजार कार्डें कोणीहि न मागतां टपालानें घरोघर धाडलीं. या कार्डावर सारें देणें चुकविलेंच पाहिजे असें नव्हतें. थोडें भरून बाकी पुढील महिन्यावर ढकलतां येई, अर्थात् व्याज देऊन. आमच्या देशांत सेंट्रल बँकेनें १९८० सालीं आपलें कार्ड काढलें. आज सर्वत्र चालतो तो हाच दुसरा प्रकार होय. आणि तीन वर्षांनीं बदलणारा जुना रोखा येथें दर महिन्यास बदलतो, एवढें ध्यानांत धरलें म्हणजे पुरे.

थोडें गणित करूं. व्याज दरमहा शेंकडा ३ धरूं. अनेक कार्डांचें त्याहूनहि अधिक असतें. देणें २०,००० रुपये आहे, आणि बँक म्हणते कीं यंदा किमान ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये, भरले तरी चालेल. त्या हजारांतून ६०० रुपये व्याजास जातात, व्याजावरील १८ टक्के कराचे १०८ जातात, आणि मुद्दलांतून फिटतात अवघे २९२. उलट कांहींच न भरतां व्याजावर व्याज चढूं दिलें, तर दंड व कर सोडूनहि चोविसाव्या महिन्याअखेर तें देणें ४०,६०० रुपयांच्या वर जातें. म्हणजे दोन वर्षांच्या आंतच दामदुपटीची रेघ ओलांडली! येथें तो बांध नाहीं. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज अन्यायाचें, असें राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केला. तेव्हां बांध घालावयाचा तो ज्याचा त्यानेंच.

तो कसा घालावा? पहिलें कार्ड निवडतांना बक्षिसांचे गुण आणि विमानतळावरील आरामगृहें यांकडे पाहूं नये. वार्षिक शुल्क, व्याजाचा दर आणि उशिराचा दंड हे तीन आंकडे पाहावे. शुल्क नसलेलें, लहान मर्यादेचें एकच कार्ड पुरे. ज्याला अद्याप पगार नाहीं, त्यानें मुदतठेवीच्या तारणावर मिळणारें कार्ड घ्यावें. आपल्याच ठेवीचा त्यास लगाम राहतो. जें रोखीनें घेतलें नसतें, तें कार्डानें घेऊं नये. कार्डावर रोकड काढूं नये, कारण तिचें व्याज पहिल्याच दिवसापासून सुरू होतें. देय तारखेस सारी रक्कम खात्यांतून परस्पर वळती व्हावी, अशी आज्ञा बँकेस देऊन ठेवावी. असें करणाऱ्यास कांहीं आठवडे बिनव्याजी पैसा वापरावयास मिळतो, आणि हा व्यवहार त्याच्या फायद्याचा ठरतो. परंतु मागील बाकी राहिली, कीं नव्या खरेदीवरची ती बिनव्याजी सवलतहि जाते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

आजच्या ऋणकोस हक्कहि आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वयें न मागितलेलें कार्ड कोणाच्या गळ्यांत बांधतां येत नाहीं; न भरलेले आकार व कर मुद्दलांत मिळवून त्यांवर व्याज घेतां येत नाहीं; आणि देणें नसतां कार्ड बंद करण्याची मागणी केल्यास तें सात कामाच्या दिवसांत बंद करावें लागतें. एके काळीं गांवचा सावकार मनांत ठेवी ती पत आतां पतमाहिती कंपन्या ३०० ते ९०० या आंकड्यांत मोजतात, आणि उद्यांचें घराचें कर्ज त्या आंकड्यावर ठरतें. त्याचा संपूर्ण उतारा प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां फुकट मिळतो. १८७९ च्या कायद्यांतील वार्षिक उताऱ्याचा हा वंशजच म्हणावयाचा.

ज्या उताऱ्याकरितां या जिल्ह्यांतील निरक्षर शेतकऱ्यास कायद्याचा आधार घ्यावा लागला, तो आज पदवीधराच्या हातीं दर महिन्यास आपण होऊन येतो, आणि तो न उघडतांच बाजूस सारतो. अंगठा उठविणाऱ्याला हिशेब वाचतां येत नव्हता, म्हणून त्याची कींव करावी. वाचतां येत असून जो वाचीत नाहीं, त्याच्याविषयीं काय म्हणावें? मुलाच्या हातीं पहिलें कार्ड देतांना वडिलांनीं त्यास कर्जाची भीति घालूं नये. पहिले सहा महिने त्याच्याजवळ बसून दर महिन्याचा उतारा ओळीनें वाचावा आणि शेवटचा आंकडा त्याच्याकडूनच मांडवून घ्यावा. पत राखण्याची याहून सोपी विद्या आम्हांस ठाऊक नाहीं.